लेखनिक, जादा वेळ आणि नंतरची नोकरी

हिशोबी (धागाकर्ता)
राग मानू नका, स्पष्टच विचारतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा, वर सांगितलेलं उत्तर लिहून द्यायला लेखनिक. हे सगळं मान्य. पण पुढे कामाच्या ठिकाणी ही २० मिनिटं कोण देणार? तिथे मुदत सगळ्यांना एकच. परीक्षेत एक माप आणि नोकरीत दुसरं, यात त्या मुलांचंच नुकसान नाही का?

शांभवी
लेखनिक म्हणून बऱ्याचदा बसले आहे, त्या २० मिनिटांत काय होतं ते ऐका. दृष्टिहीन विद्यार्थी गणित सांगतोय: "कंस सुरू, एक्स वर्ग अधिक दोन, कंस पूर्ण, सगळ्याचं वर्गमूळ." सगळ्याचं म्हणजे कुठपासून? मी विचारते, तो पुन्हा सांगतो. मग त्याला तीन ओळी मागचं हवं असतं, तेही मीच वाचायचं. कच्चं काम करायला त्याच्यापुढे कागदच नाही, सगळं डोक्यात. त्यात केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणानं एक पायरी खालचा लागायचा. म्हणजे जे चिन्ह मी कधी पाहिलंच नाही ते कसं काढायचं, हेही त्यानंच मला समजावायचं. २० मिनिटं जादा कसली, अपुरी पडतात.

हिशोबी
हे माहीत नव्हतं. पण नोकरीचं काय, ते राहिलंच.

स्क्रीनरीडरवाला
मी सांगतो, पूर्ण दृष्टिहीन आहे, प्रोग्रामिंग करतो. नोकरीत लेखनिक लागत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो, तो वाचतो आणि मी टाइप करतो. परीक्षेत संगणक द्या, माझ्यासारखे बरेच जण लेखनिक मागणारही नाहीत. कामाच्या मुदती मी पाळतो. अडतं कुठे, तर रजेच्या पोर्टलवर. तिथल्या बटणांना नावंच दिलेली नाहीत, कानात नुसतं "बटण, बटण, बटण". मग शेजारच्याला हाक मारायची, आणि मूल्यमापनाच्या वेळी ऐकायचं की याला प्रत्येक गोष्टीत मदत लागते.

एचआर_ताई
दुसरी बाजूही ऐका. मॅनेजर दुष्ट नसतात, घाबरलेले असतात. काम जमलं नाही तर काढता येईल का, कोणी तक्रार केली तर? त्यापेक्षा घ्यायलाच नको, असा विचार होतो. आणि कायद्यातही सोयी "अवाजवी बोजा" न पडता द्यायच्या आहेत. छोट्या कंपनीला लिफ्ट बसवा कसं म्हणणार?

शांभवी
ताई, लिफ्ट इथे कोणी मागितली? बटणाला नाव देणं हा अवाजवी बोजा?

निवृत्त_मास्तर
बनावट प्रमाणपत्रांवर कोणी बोलत नाही. धडधाकट मुलं जादा वेळ घेताना पाहिली आहेत. खऱ्या अपंगांचा हक्क मारला जातो. किमान ४० टक्के अपंगत्वाची अट कडक पाळा, तपासणी पुन्हा करा.

स्क्रीनरीडरवाला
मास्तर, धडधाकट हे तुम्ही कशावरून ठरवलंत? बघूनच ना? यूपीएससीच्या एका उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता. हात दिसायला ठीक, लिहायला गेलं की आखडतो. ४० टक्क्यांत बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, लेखनिकासाठी ती लावता येणार नाही. बनावटवाल्यांना खुशाल पकडा. पण तुमच्या कडकपणात आधी डिस्लेक्सियावाली, म्हणजे वाचताना-लिहिताना अक्षरांशी झगडणारी पोरं सापडतील, कारण त्यांचं काही दिसतच नाही.

निवृत्त_मास्तर
निकाल निकालाच्या जागी. पर्यवेक्षकानं वर्गात कुणाला खरं मानायचं? माझं मत बदललेलं नाही.

एचआर_ताई
@स्क्रीनरीडरवाला, पोर्टलची तक्रार लेखी दिली आहे का? कोणाकडे?

स्क्रीनरीडरवाला
दिली आहे. तक्रार नोंदवायचं पानही त्याच पोर्टलवर आहे, म्हणून शेजाऱ्याकडून भरून घेतली.