लेव्हल: पातळी, थर की मजल?

घंटाळीकर: डंजन्स अँड ड्रॅगन्सचे १९८१चे नियम मराठीत करतोय, आमच्या रविवारच्या खेळासाठी. यात प्रत्येकजण चोर, लढवय्या, मांत्रिक असं एक पात्र होऊन खेळतो. एका वाक्यावर अडलोय: ‘पाचव्या पातळीचा मांत्रिक तिसऱ्या पातळीचा मंत्र भुयाराच्या चौथ्या पातळीवर टाकतो.’ इंग्रजीत तिन्हीकडे लेव्हलच आहे. शिवाय पातळी म्हटलं की मुलांना सगळे सारखे वाटतात. दुसरी पातळी गाठायला चोराला १२०० अनुभवगुण लागतात, लढवय्याला २०००, मांत्रिकाला २५००, एल्फ या मायावी पात्राला तर ४०००. परवा भाची रडवेली झाली. ‘दोघांचेही वीस हजार, मग दादा सहावीत आणि मी पाचवीतच का?’ पाचवीतला मांत्रिक आगीचा गोळा फेकतो, सहावीतल्या चोराला तसलं काही येत नाही, म्हणून. पण शब्द ते सांगत नाही.

वाशीकर: भुयाराला मजला, माणसाला थर. ठाण्यात राहून थर सुचला नाही?

घंटाळीकर: हंडीत वरचा थर खालच्याच्या खांद्यावर उभा असतो. इथे प्रत्येकजण आपला आपण चढतो.

नेरूळची: हा घोळ तिकडेही होता. हा खेळ बनवणाऱ्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, त्याने १९७८च्या खेळाडूंच्या पुस्तकात लिहिलंय की पात्राला रँक, मंत्राला पॉवर आणि राक्षसाला ऑर्डर म्हणायचं मनात होतं. शेवटी लेव्हलच ठेवलं. तुम्हीही ठेवा. माझा मुलगा मोबाइलवर खेळताना ‘लेव्हल वाढली’च म्हणतो, तेही मराठीच झालं.

कळवेकर: अजिबात नाही. चांगला शब्द असताना उसना कशाला? ‘श्रेणी’ घ्या.

नेरूळची: श्रेणी म्हणजे प्रगतिपुस्तकातली अ-१, अ-२.

कोपरीवाला: मजल घ्या. मजल दरमजल करत जाणं. आमची आजी गावाहून कोणी आलं की विचारायची, ‘वाटेत मजल कुठं केलीत?’ चोराच्या मजला जवळजवळ, मांत्रिकाच्या लांबलांब. एकाच दमात दोघं वेगवेगळ्या मुक्कामी पोचतात. भाचीला हे लगेच पटेल.

कळवेकर: मजल अरबी मंजिलवरून आलीय.

कोपरीवाला: मजलाही तिथूनच आलाय. तुम्ही राहता ना तिसऱ्या मजल्यावर?

घंटाळीकर: मजल आवडली. पण अनेकवचन मजला, आणि भुयाराचाही मजला. ‘मांत्रिकाने पाच मजला गाठल्या’ हे कानाला कसं लागतं?

वाशीकर: अनेकवचन मजली होईल.

कोपरीवाला: मजली नाही हो. वेळ-वेळा, माळ-माळा, तसं मजल-मजला.

वाशीकर: आणि भिंत-भिंती?