टॅलिस्करनंतर ग्लेनलिव्हेट पाणचट लागणारच

टॅलिस्कर १० आणि ग्लेनलिव्हेट १२ या दोन स्कॉच व्हिस्की. ज्यांनी टॅलिस्कर आधी आणि ग्लेनलिव्हेट नंतर चाखून दुसरीला १०० पैकी ५५ गुण दिलेत, त्यांनी क्रम उलटा करून पाहावा. टॅलिस्करमधला पीटचा (बार्ली वाळवताना जाळतात त्या दलदलीच्या मातीचा) धूर जिभेवर बराच वेळ रेंगाळतो, त्यापुढे ग्लेनलिव्हेटच्या सफरचंद-मधाच्या नाजूक चवी हरवतात. आधी ग्लेनलिव्हेट किंवा ग्लेनफिडिच, मग शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली, धुराची सगळ्यात शेवटी.

शिवाय टॅलिस्कर ४५.८ टक्के अल्कोहोलची आहे. २० मिलिमध्ये साधारण ३ मिलि पाणी घातलं की ती ग्लेनलिव्हेटइतकी ४० वर येते. तुलना तेव्हाच बरोबरीची. ५ मिलिची बिनसुईची नवी सिरिंज वापरा. पाणी आरओचं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन वासात उतरतो, बोअरच्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको.

नाशिकच्या मे महिन्यात खोलीचं तापमान ३५ असताना नुसता स्पिरिटचा भपका येतो. बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून २० अंशांच्या आसपास आणा. बर्फ मात्र नको, त्याने वास दबतो. ग्लेनकेर्न हा व्हिस्की चाखायचा खास ग्लास नसेल तर तोंडाशी निमुळता होणारा वाइन ग्लास चालतो, आणि तो आपल्या गावात कोणाकडे नसेल?

गुण वास, चव, शेवट (गिळल्यावर मागे राहणारी चव) आणि तोल यांना प्रत्येकी २५. रंगाला शून्य, कारण स्कॉचमध्ये कॅरॅमल रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. चिवडा गुण लिहून झाल्यावर. आणि बाटली वाइनसारखी आडवी ठेवू नका, अल्कोहोलने बूच खराब होतं.