मदत हवी आहे: रास्पबेरी पायवर सर्वो मोटर थरथरते

रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला दोन एसजी-९० सर्वो मोटर (दिलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या छोट्या मोटर) जोडून कॅमेरा फिरवण्याची व्यवस्था मी करत असून, पायथनमधून सॉफ्टवेअर पीडब्ल्यूएमने (विजेच्या पल्सची, म्हणजे ठोक्यांची, रुंदी प्रोग्रामनेच राखण्याच्या पद्धतीने) ५० हर्ट्झचे पल्स दिल्यावर मोटर एकाच कोनात थांबलेली असतानाही सतत थरथरते. मोटरांना ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा आहे आणि ग्राउंड (शून्य व्होल्टची तार) पायशी सामाईक आहे, त्यामुळे दोष विजेचा नसावा. दर २० मिलिसेकंदांनी जाणाऱ्या पल्सची रुंदी कोन ठरवते आणि लिनक्स दुसऱ्या कामात गुंतले की ती रुंदीच किंचित कमी-जास्त होते, असे माझे अनुमान आहे. अशा वेळी पायच्या जीपीआयओ १२ व १३ या पिनांवरील हार्डवेअर पीडब्ल्यूएम (ज्यात पल्स प्रोग्रामऐवजी चिपच तयार करते) पुरेल, की पुढे मोटर वाढणार असल्याने पल्स स्वतःच तयार करणारे १६ चॅनेलचे पीसीए९६८५ बोर्डच घ्यावे? कोन बदलताना बसणारा झटका टाळण्यासाठी वेग हळूहळू वाढवण्या-घटवण्याचे गणित आपण कसे लिहिता, हेही कृपया सांगावे.