मदत हवी आहे: पॉलिमरच्या थेंबाचा सुळका का होतो?

मंडळी, पॉलिमरवाल्या कुणीतरी सांगा. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी जळगावात पॉलिइथिलीन ऑक्साइड या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या (लांब साखळीच्या रेणूंच्या) द्रावणाचे थेंब काचपट्टीवर वाळवतोय. पातळ द्रावणाचा सपाट डाग पडतो, कडेला जाड रिंग. ती समजते: कडेला बाष्पीभवन जास्त, म्हणून आतलं पाणी पॉलिमर घेऊन कडेकडे वाहतं, डीगन वगैरे संशोधकांनी १९९७ साली मांडलेलं तेच. पण दाट द्रावणाचा थेंब आधी आकसतो, कडेला पांढरी साय धरते आणि मधला भाग चक्क वर उठून सुळका होतो! डेक्स्ट्रान या दुसऱ्या पॉलिमरचा नाही होत. स्फटिक बनण्यामुळेच ना?

दुसरं, थेंब वाळताना हवेतली आर्द्रता कशी धरून ठेवता? मे महिना, बाहेर ४३ अंश, हवा कोरडी ठक्क. कूलर लावला की आर्द्रतेचा आकडा लगेच वर. मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणाने बंद डब्यात ३३ टक्के मिळते, पण थेंब टाकायला झाकण उघडलं की गेलं सगळं. महागडा चेंबर सुचवू नका, गाइड हसतील.