घरच्या वेदर स्टेशनचा टेम्परेचर सेन्सर बरोबर आहे की नाही, कसं तपासायचं?

बेसावाला
नमस्कार मंडळी. नागपूरच्या बेसा भागात राहतो. गच्चीवर हौसेनं वेदर स्टेशन बसवलं आहे: ईएसपी८२६६ हा वायफायचा छोटा बोर्ड, डीएस१८बी२० या तापमान सेन्सरची वॉटरप्रूफ प्रोब, दोन्ही एका पांढऱ्या जंक्शन बॉक्समध्ये, आणि तो बॉक्स टाकीच्या कठड्याला क्लॅम्प केलेला. परवा दुपारी माझ्याकडे ४९.४ आणि सोनेगावच्या सरकारी वेधशाळेचं कमाल ४५.२! पहाटे मात्र फरक जेमतेम अर्धा डिग्री. बायको म्हणते, बर्डीच्या बाजारातून आणलेला सेन्सरच डुप्लिकेट आहे. बाजूचे काका म्हणतात, सरकार आकडा दाबून सांगते. कोडमध्ये सरळ ४ वजा करून टाकू का? की घरच्या घरी तपासायची काही रीत आहे? लॅबमधून कॅलिब्रेशन करणं परवडणार नाही.

पंखा_फुल_स्पीड
उकळत्या पाण्यात टाक. १०० दाखवले तर ओके, नाही तर फेकून दे.

रिटायर्ड_इन्स्ट्रुमेंटवाला
थांबा बाप्पा, उकळू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे, इथे पाणी ९९ ला उकळते. म्हणजे चांगला सेन्सर फेकला जाईल. आणि हवेसाठी १०० वर तपासून करायचं काय? आपल्याला ५ ते ४८ मधलं खरं पाहिजे.

माझी नोकरी कोराडीला पॉवर स्टेशनच्या इन्स्ट्रुमेंट सेक्शनमध्ये गेली. तिथे पहिला नियम हा की मीटर खोटं बोलते की जागा खोटं बोलते, हे आधी वेगळं करायचं. तुमचा पहाटेचा फरक अर्धा आणि दुपारचा चार. सेन्सरच बिघडला असता तर तो फक्त ऊन बघून कशाला बिघडेल? पण अंदाजावर सोडू नका, तपासा.

शून्यासाठी बर्फ. आरओच्या पाण्याचा बर्फ घरीच जमवा. गोळेवाल्याकडचा नको, त्याला मीठ लागलेलं असू शकते आणि मिठानं शून्य खाली सरकते. बर्फ बारीक कुटून थर्मास गच्च भरायचा आणि थंड पाणी फटी बुजतील एवढंच टाकायचं. लोक इथेच फसतात. पाणी जास्त झालं की बर्फ वर तरंगतो आणि तळाला ४ डिग्रीपर्यंतचं पाणी बसते, कारण पाणी ४ ला सगळ्यात जड. प्रोब मधोमध ठेवा, काचेला लागू देऊ नका, हलवत राहा आणि आकडा ठरला की लिहा.

वरच्या टोकासाठी घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर घ्या. तो ३५ ते ४२ च्या पट्ट्यात ०.१ पर्यंत नेमका असतो, एवढं चांगलं रेफरन्स घरात दुसरं नाही. थर्मासमध्ये साधारण ४० चं पाणी घ्या, थर्मामीटरचं टोक प्रोबला रबरबँडनं बांधा, दोन्ही एकत्र बुडवा. तो कमाल आकडा धरून ठेवतो आणि पाणी तर निवत जाते, म्हणून बीप झाली की त्याच क्षणी दोन्ही वाचा. पाऱ्याचा असेल तर ४२ च्या वरच्या पाण्यात अजिबात घालू नका, फुटेल.

डीएस१८बी२० ला कंपनीच ±०.५ म्हणते. त्याच्या आत असेल तर माल ठीक. आणि कधी अचानक ८५ दिसले तर घाबरू नका, चालू झाल्यावर मोजमाप व्हायच्या आधी त्याच्यात तोच आकडा असतो.

बेसावाला
काका, करून पाहिलं. बर्फात ०.३ वर स्थिर. कोमट पाण्यात थर्मामीटर १०३.१ फॅरेनहाइट, म्हणजे ३९.५, आणि सेन्सर ३९.८. बायकोला दाखवलं, तिनं फक्त थर्मामीटर नीट धुऊन ठेवायला सांगितलं.

रिटायर्ड_इन्स्ट्रुमेंटवाला
मस्त! दोन्ही टोकांना सारखाच ०.३ जास्त. कोडमध्ये ०.३ वजा करा, ४ नाही. ४ वजा केले तर दुपार जुळेल आणि जानेवारीच्या पहाटे तुमच्या बेस्यात उगाच दहिवर गोठेल.

उरलेले चार डिग्री बॉक्सचे आहेत. बंद डबा, आत बोर्डाची स्वतःची गरमी, खाली तापलेला स्लॅब, बाजूला टाकी. वेधशाळेत थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतो, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, उघड्या मैदानात, आणि पेटीचं दार उत्तरेकडे, म्हणजे वाचताना ऊन आत पडत नाही.

तुमच्या बाजूच्या काकांना एक आठवण द्या. ३० मे २०२४ ला आपल्या नागपुरातल्याच एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले होते. ऐन नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लोकांना लगेच पटलं. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आदल्या दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ आले, तिथलाही सेन्सर ३ डिग्री जास्त दाखवत होता. सोनेगावचा विक्रम ४७.९ चा, २३ मे २०१३ चा. दाबायचाच असता तर तो तरी कशाला सांगितला असता?

काटोल_रोड
झडपांची पेटी महाग पडते. मी कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा वापरल्या. मधल्या बशांना भोकं पाडायची, सगळ्यात वरची अखंड ठेवायची, तीन लांब बोल्टवर बोटभर अंतरानं ओवायच्या आणि प्रोब मध्ये लटकवायची. बोर्ड बाहेर, वेगळ्या डब्यात. वारा पडला की दुपारी थोडं जास्तच दाखवते, पण बंद डब्यापेक्षा कितीतरी बरं.

बेसावाला
बशा आणतो. मग गच्चीऐवजी मागच्या अंगणात लावू का? सावली आहे तिथे.

रिटायर्ड_इन्स्ट्रुमेंटवाला
अंगणात कूलर कुठे आहे ते आधी बघा. कूलरची ओली हवा सेन्सरवर गेली तर मे महिन्यात तुमच्याकडे महाबळेश्वर दिसेल. भिंतीपासून लांब पाइप गाडा, खाली माती किंवा गवत असू द्या. सोनेगावशी ताळा करायचा तर कमाल-किमान नका जुळवू, एकाच वेळेचं वाचन घ्या. पहाटे साडेपाचचं घेतलं तर ऊन मध्ये येत नाही. वारा असलेला दिवस पकडा.