रँकवरून किती प्रती खपल्या, हे लेखकांना सांगायचं का?

गंजगोलाई (लातूर)

नमस्कार मंडळी. पुस्तकांच्या ॲमेझॉन रँकवर (विक्रीच्या यादीतला क्रमांक, आकडा जितका लहान तितकं पुस्तक पुढं) लक्ष ठेवणारी छोटी सेवा लातुरातून चालवतो. गिऱ्हाईक म्हणजे मराठी लेखक, दोन-चार छोटे प्रकाशक आणि निम्म्याहून जास्त स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढणारे (लातुरात बसून दुसरं कोण भेटणार!). आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) टाकला की दर तासाला रँक नोंदली जाते, आलेख दिसतो, रँक एकदम सुधारली की व्हॉट्सॲपवर निरोप जातो. काम एवढंच.

आता अडचण. जो तो एकच विचारायलाय, "रँक राहू द्या, पुस्तकं किती गेली ते सांगा." एका कवींचा फोन तर रोज नेमका जेवणाच्या वेळेला. "काल साडेतीन लाख होती, आज सत्तर हजारावर आली. दोन-तीनशे प्रती तर गेल्या असतील ना?" गेलेली असते एक. फार तर दोन. आता एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

दुसरीकडून एक प्रकाशक मागं लागलेत. इंग्रजी पुस्तकांसाठीच्या साइटांवर "अमुक रँक म्हणजे दिवसाला अमुक प्रती" असे तक्ते असतात, तसा लावा, मग वर्षाची वर्गणी एकदम भरतो म्हणतात. तो तक्ता मराठी पुस्तकाला लावणं मला पुण्याच्या पावसावरून लातूरच्या बोअरचं पाणी सांगण्यासारखं वाटतं. पण पैसेही पाहिजेत.

शिवाय कोट्याची बोंब आहेच. ॲमेझॉनकडून रँक मागवायची अधिकृत सोय (एपीआय) आहे, तिच्यावर मला सुरुवातीला सेकंदाला १ आणि दिवसाला ८,६४० विनंत्या मिळतात, एका विनंतीत १० पुस्तकं. दर तासाला बघायचं तर ३,६०० पुस्तकांवर गाडी थांबते आणि माझी यादी ४,००० च्या पुढं गेलीय. पुढचा कोटा आपल्या लिंकवरून किती खरेदी होते त्यावर ठरतो. अडीचशे रुपयांच्या कवितासंग्रहावर तो कितीसा वाढणार? साइटची पानं प्रोग्रामनं थेट खरवडून घे, असं काही जण सुचवतात. ते ॲमेझॉनच्या अटीत बसत नाही, आणि कॅप्चाशी झुंजत बसायची मला हौस नाही.

कुणी असं काम केलंय का? प्रतींचा आकडा दाखवता का? कसा काढता?

बार्शी रोड

लई विचार करायलाव राव. तक्ता लावा, खाली बारीक अक्षरात "अंदाजे" लिहा, वर्गणी घ्या.

औरंगपुरा कट्टा (संभाजीनगर)

बार्शी रोड, ते बारीक अक्षर कुणी वाचत नाही. लेखक त्या आकड्यावर मानधनाचा हिशोब मागायला प्रकाशकाकडं जातो आणि प्रकाशक याच भाऊंच्या नावानं शिमगा करतो.

भाऊ, तक्ता नकोच. ते तक्ते बहुतेक अमेरिकेच्या साइटवरून बांधलेले असतात. तिथली यादी वेगळी, ॲमेझॉन डॉट इनची वेगळी. रँक म्हणजे रांगेतली जागा, विक्रीचा आकडा नव्हे. सूत्र कंपनी सांगत नाही. तासागणिक बदलते आणि ताज्या विक्रीला जास्त वजन असतं, इतपत सगळ्यांना दिसतं.

पण मराठी पुस्तकं हळू खपतात, हे मोजणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. तुमच्या कवींचंच पुस्तक घ्या. समजा नोंद अशी आहे:

सकाळी ९ – ३,४८,२००
१० – ३,४९,९००
११ – ३,५१,१००
दुपारी १२ – ७४,३००
१ – ७९,८००
२ – ८५,६००

विक्री नसली की पुस्तक दर तासाला थोडं थोडं मागं सरकत राहतं, कारण इतरांची खपतात. अकरा ते बाराच्या मध्ये एकदम पुढं आलं, तिथं कुणीतरी घेतलं. असे झटके मोजा. पूर्वी नॉव्हेलरँक नावाची सेवा होती, तीही रँकमधल्या उड्या मोजूनच अंदाज द्यायची. मी एका मित्राच्या प्रकाशनासाठी असंच मोजतो. त्याच्याकडं विक्रेत्याच्या खात्यातला खरा हिशोब असतो, तो ताडून बघितला. महिन्याला पाच-दहा प्रती जाणाऱ्या पुस्तकाला हे चांगलं जुळतं.

जिथं फसतं ते ऐका. एका तासात तीन जणांनी घेतलं तरी झटका एकच. शाळेनं एकदम वीस प्रती मागवल्या तरी एकच. म्हणून "प्रती" लिहू नका, "किमान इतक्या वेळा विक्री" लिहा. रँक काही हजारांच्या आत आली की झटके मोजणं सोडाच. पुस्तक सारखंच खपत असतं, मागं सरकायला उसंत मिळत नाही. एमपीएससीची जाहिरात आली की तुमच्या निम्म्या गिऱ्हाइकांचं हेच होणार. तिथं नुसती रँक दाखवा, आकडा दाखवूच नका. ई-पुस्तकाचं पान वेगळं ठेवा, किंडल अनलिमिटेडवर (वर्गणी भरून ई-पुस्तकं वाचायची ॲमेझॉनची सोय) कुणी उसनं घेतलं तरी त्याची रँक सुधारते. आणि रँक आपोआपही थोडी पुढं येते, पुढची पुस्तकं घसरतात म्हणून. मी रँक निदान तिसऱ्या हिश्श्यानं सुधारली तरच झटका धरतो. सगळीच पुस्तकं एकाच तासात हलली तर तो तास टाकून देतो, ती यादीचीच काहीतरी गडबड असते.

मोजायला "पुस्तके" या मोठ्या यादीतली रँक घ्या. उपविभागातली घेऊ नका. तिथं पन्नास पुस्तकं असली की दोन मित्रांनी घेतलं तरी माणूस "नंबर १ बेस्टसेलर"चा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवतो.

कोट्याचा उपाय यातच आहे. चार लाखांवर पडलेल्या पुस्तकाला दर तासाला कशाला विचारता? तीन तासांनी विचारा. तिथून उडी मारली तर ती पुढचे कित्येक तास दिसत राहते. पुढं असलेल्यांना तेवढं दर तासाला.

वजिराबाद पुस्तकवाला (नांदेड)

मी कॉम्प्युटरवाला नाही, दुकान आहे. माझ्याकडून गेलेलं पुस्तक तुमच्या आलेखात कुठं दिसतंय? उदगीरला २०२२ ला ९५ वं साहित्य संमेलन झालं, तिथं गाळा घेतला होता. लोक पिशव्या भरभरून नेत होते. त्यातल्या एका पुस्तकाचे गठ्ठे संपले, पुन्हा मागवावे लागले. ऑनलाइन त्या पुस्तकाला कुणी विचारत नव्हतं. तालुक्याची वाचनालयं अनुदान आलं की सवलत आणि पक्कं बिल बघून घेतात, तीही आमच्यासारख्याकडून नाहीतर प्रदर्शनातून. तेव्हा लेखकाला स्पष्ट लिहून द्या की ही फक्त एका साइटवरची हालचाल आहे. नाहीतर रँक पडली म्हणून माणूस लिहायचं बंद करतो आणि इकडं माझ्याकडं त्याची दुसरी आवृत्ती संपत आलेली असते.

परीक्षेच्या पुस्तकांचं अजून एक. नवी आवृत्ती आली की बऱ्याचदा आयएसबीएन नवा, पान नवं. जुन्याची रँक घसरते, प्रकाशक घाबरतो. तीन पुस्तकांचा संच केला तर त्या संचाची रँक वेगळी, सुट्यांची वेगळी. हे जोडून दाखवलं तर मी पण वर्गणी भरीन.

गंजगोलाई (लातूर)

औरंगपुरा भाऊ, जुनी नोंद काढून झटके मोजले. कवींच्या पुस्तकाला त्या महिन्यात सात. त्यांना फोनवर सांगितलं, "किमान सात वेळा विक्री." थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "सातापैकी चार मला माहीत आहेत, तिघं कोण?" आता रोज त्या तिघांचा शोध चालूय.

तक्ता लावत नाही. प्रकाशकांना कळवलं, ते नाराज आहेत, बघू. आलेखाखाली ठळक अक्षरात ओळ टाकलीय: "ही फक्त ॲमेझॉन डॉट इनवरची हालचाल. दुकान, प्रदर्शन, वाचनालय यात धरलेलं नाही." तीन तासांची युक्ती केली, निम्म्याहून जास्त यादी त्यात गेली, कोटा उरायला लागला.

पुस्तकवाले काका, आवृत्त्या जोडायचं मनात आहे, पण प्रकाशक यादी एक्सेलमध्ये पाठवतात आणि १३ आकडी आयएसबीएनचा एक्सेल चुराडा करतं. ९.७८ आणि पुढं काहीतरी, एवढंच उरतं. ९७८-८१ होता का ९७८-९३, तेही कळत नाही. आता पुस्तकाच्या मागच्या बारकोडचा फोटोच मागवतो. छापील पुस्तकाचा ॲमेझॉनवरचा क्रमांक बहुतेक वेळा जुना १० आकडी आयएसबीएनच असतो. १३ आकड्यांवरून तो काढता येतो, शेवटचा तपासणी अंक तेवढा नव्याने मांडावा लागतो.

जाता जाता, सर्व्हर यूटीसीवर (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) असेल तर तारखा भारतीय वेळेनं दाखवा रे. रात्री एकला झालेली विक्री आदल्या तारखेत दिसते आणि प्रकाशनाच्या आधीच पुस्तक कसं खपलं, असे फोन येतात.

मोंढा नाका

दोन कथासंग्रह आहेत माझे. दोन्ही लावायचे आहेत. प्रकाशकानं दोन्हीवर एकच आयएसबीएन छापलाय. चालेल का?

गंजगोलाई (लातूर)

नाही चालणार. साइटवर दोन्ही एकाच पानावर जातील आणि घेणाऱ्याला कुठलं मिळेल ते नशीब. आधी प्रकाशकाला दुसऱ्यासाठी वेगळा आयएसबीएन घ्यायला लावा. राजा राममोहन रॉय आयएसबीएन एजन्सीकडून तो फुकट मिळतो. तो आला की मला बारकोडचा फोटो पाठवा.