मदत हवी आहे: पोलीस चौकी रात्री बंद, आम्ही गस्त घातली तर नोटीस आम्हालाच. दाद कुणाकडे मागायची?

शिवारातला

जाणकारांनी लवकर सांगा, सोमवारी ठाण्यात बोलावलंय. आमच्या गावात पोलीस चौकी आहे पण संध्याकाळी सातनंतर तिला कुलूप. मुख्य ठाणं तालुक्याला, रस्ता खराब, ११२ ला फोन केला तर गाडी येईपर्यंत चोर पार जिल्ह्याबाहेर. गेल्या हंगामापासून विहिरीवरच्या मोटारींच्या केबली, स्टार्टर, पाइप सगळं चोरीला जातंय. तक्रार द्यायला गेलं की "बघतो" म्हणतात आणि एक कागद हातात देतात. मग पोरांनी रात्रीची गस्त सुरू केली, आता त्या पोरांनाच नोटीस आलीय. चोर मोकळे आणि नोटीस आम्हाला! चौकीत रात्री माणूस ठेवायला भाग पाडायचं तर कुणाकडे जायचं? पोलिसांवर गावाचा काही अधिकार असतो की नाही?

माळावरचा

सोपं आहे, ग्रामसभेत ठराव घ्या. ग्रामसभेच्या ठरावाला फार वजन असतं. आमच्याकडे दारूबंदीचा ठराव केला, पोलीस धावत आले. ग्रामरक्षक दल स्थापन करून घ्या, ते कायद्यातच आहे, मग कुणी नोटीस देणार नाही.

वैशाली_वकील

माळावरचा दादा, तुम्ही म्हणताय ते ग्रामरक्षक दल २०१६ साली दारूबंदी कायद्यात दुरुस्ती करून आणलं, ते अवैध दारूसाठी आहे. केबलचोरीच्या गस्तीला ते लागू नाही. रात्रीच्या गस्तीचं ते ग्रामसुरक्षा दल, ते पोलीस ठाण्यामार्फत होतं. दोन्हीची नावं सारखी म्हणून सगळीकडे गोंधळ होतो.

शिवारातला, आधी एवढं सांगा. हातात मिळालेला कागद एफआयआरची प्रत आहे की एनसीची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) पावती? नोटीस कुठल्या कलमाखाली आहे? ती येण्याआधी त्या रात्री नेमकं काय घडलं? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही.

तिसरा_डोळा

सीसीटीव्ही बसवा, दुसरा उपाय नाही. वेशीवर दोन, बाजारात दोन, नंबरप्लेट वाचणारा एक. आमच्या सोसायटीने बसवल्यापासून चोरी बंद.

शिवारातला

चोर वेशीतून येतच नाहीत, ओढ्याच्या कडेने शिवारात उतरतात. तिथे लाइटच नाही तर कॅमेरा काय बघणार.

वैशालीताई, कागदावर एनसी लिहिलंय, सगळ्यांना एनसीच दिली. नोटीसवर कलम १६८ आहे, पोरं म्हणतात ही जुन्या कायद्यातली १४९ ची. आणि ग्रामसभा आमच्यात नाही, नगरपंचायत होऊन बरीच वर्षं झाली. गाव म्हणायची सवय आहे एवढंच.

माळावरचा

मग आधी सांगायचं ना! नगरपंचायत असेल तर सगळंच बदललं.

निवृत्त_ठाणे_अंमलदार

खात्यात नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो, राग मानू नका. तुम्ही चौकी म्हणता ते बहुतेक दूरक्षेत्र (मुख्य ठाण्याची छोटी शाखा) असणार. दूरक्षेत्राला मंजूर माणसं कमी, त्यातली निम्मी समन्स-वॉरंट, कोर्टाची तारीख, जत्रेचा बंदोबस्त, मंत्र्याचा दौरा यात जातात. एका बीट अंमलदाराकडे (ठरलेला भाग सांभाळणाऱ्या पोलिसाकडे) वीस-पंचवीस वाड्यावस्त्या. रात्री तो चौकीत बसला तर गस्तीला कोण जाणार? कुलूप दिसलं म्हणजे पोलीस झोपला असं नसतं. मी स्वतः हातात काठी घेऊन मोटारसायकलवर रात्र रात्र फिरलोय.

तुमचा बीट अंमलदार कोण, त्याचा नंबर गावात किती जणांकडे आहे? हे विचारायचं कारण म्हणजे लोक थेट एसपींना व्हॉट्सॲप करतात आणि बीटवाल्याला ओळखतही नाहीत.

शिवारातला

काका, नंबर चौकीच्या फाटकावर रंगवलाय, शेवटचे दोन आकडे पावसाने धुऊन गेलेत. बीटवाला सारखा बदलतो. गस्त होते म्हणता, मग ओढ्यात येऊन बघा, केबल जाळून तांबं काढतात तिथे काळ्या रबराची राख आणि तारेचे तुकडे जागोजागी पडलेत. एवढा धूर, एवढा वास, रात्रभर जाळ, आणि कुणाला दिसत नाही?

रानवेल

हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडेही हेच. शेतीची थ्री फेज रात्रीच्या पाळीत असते तेव्हा बाईमाणूस सुद्धा मोटार चालू करायला जाते. चोरी बाजूला ठेवा, सापाचं भय, बिबट्याचं भय. दिवसा वीज द्या ही मागणी आधी करायला पाहिजे, अर्ध्या चोऱ्या आपोआप थांबतील.

तिसरा_डोळा

दिवसा वीज दिली तर रात्री शिवारात कुणीच नसणार, उलट चोऱ्या वाढतील.

रानवेल

तुम्ही कधी रात्री पाणी धरलंय का? सोसायटीत बसून सांगू नका.

वैशाली_वकील

विजेचा वेगळा धागा काढा, कृपा करून.

शिवारातला, एनसी का दिली ते तुमच्या कागदावरच असेल. चोरीला गेलेल्या मालाची किंमत किती लिहिली आहे?

शिवारातला

आत्ता काढून बघितलं. एकात ४५००, एकात ४०००, चुलत्याच्या कागदावर ४८००. केबल याच्या दुपटीची आहे. किंमत आम्ही सांगितलीच नव्हती, त्यांनीच टाकली.

वैशाली_वकील

गाठ इथेच आहे. नव्या फौजदारी कायद्यांत (भारतीय न्याय संहिता म्हणजे बीएनएस आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएस, १ जुलै २०२४ पासून) ५००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र केली आहे. किंमत खाली लिहिली की एनसी होते, आणि एनसीचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करताच येत नाही. म्हणजे गुन्ह्यांच्या आकड्यात तुमच्या चोऱ्या धरल्याच गेल्या नाहीत. आकडाच नाही तर एसपी ऑफिसमधून रात्रीचा माणूस कोण मंजूर करणार?

तेव्हा केबलीची, स्टार्टरची बिलं शोधा. बिल नसेल तर दुकानदाराकडून आजच्या दराचं कोटेशन घ्या. प्रत्येकाने आपापला लेखी अर्ज करा, किंमत स्वतः लिहा. आणखी एक, स्टार्टर कुलूपबंद मोटारखोलीतून गेला असेल तर ते साध्या चोरीचं कलम ३०३ नाही. माल ठेवायच्या इमारतीतली चोरी म्हणजे ३०५, शिक्षा सात वर्षांपर्यंत, तिथे ५००० ची अट येतच नाही.

ठाण्याने तरी एफआयआर घेतला नाही तर बीएनएसएस कलम १७३(४), अर्ज पोस्टाने एसपींकडे आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवायचाच, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ लाच सांगितलंय. नव्या कायद्यात तीन ते सात वर्षांच्या गुन्ह्यात आधी प्राथमिक चौकशीची सवलत आहे, पण ती डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीने आणि १४ दिवसांत संपवायची.

निवृत्त_ठाणे_अंमलदार

ताई, किंमत मुद्दाम कमी लिहितात असा सूर बरोबर नाही. जुनी केबल असते, घसारा धरावा लागतो.

वैशाली_वकील

काका, तिघांची केबल वेगवेगळ्या वर्षांची आणि घसारा धरून तिघांचीही किंमत बरोबर ५००० च्या खाली येते, हे मला पटत नाही.

आबांचा_कार्यकर्ता

आर. आर. आबा गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा पोलीस गावात येऊन बसायचे. तंटामुक्ती समितीत सगळे एकत्र यायचे, बांधाचं भांडण कोर्टात जायच्या आधी मिटायचं. ती समिती पुन्हा उभी करा, पोलिसांशी नातं आपोआप जुळेल.

माळावरचा

केबलचोर तंटामुक्ती समितीपुढे येऊन बसणार का? ती गावातल्या गावात भांडण मिटवायला होती.

नकाशा

माझ्या मते पोलिसांशी नातं हा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. १९८४ च्या दंगलीनंतर भिवंडीत सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसायचे, आणि डिसेंबर ९२–जानेवारी ९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. बैठक दंगल झाल्यावर बोलवत नव्हते, काही झालेलं नसतानाही बसत होते. तुमच्या ठाण्याची शांतता समिती फक्त गणपती आणि ईदच्या आधी बसते का? त्यात शेतकरी किती, बायका किती?

आणि वैशालीताईंचा शेवटचा प्रश्न अजून तसाच आहे. त्या रात्री काय झालं?

शिवारातला

विशेष काही नाही. पोरांनी एक बाहेरचा पिकअप अडवला, रात्री दीडला शिवाररस्त्यावर काय करतोय म्हणून विचारलं. त्याने उलट बोलल्यावर चावी काढून घेतली. मारलं नाही. जरा ढकलाढकली झाली. तो मेंढपाळांचा चारा घेऊन चालला होता असं नंतर कळलं. मग पोलीस आले (तेव्हा बरे लवकर आले) आणि दोन पोरांना घेऊन गेले, सकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं, कागद काही नाही, सकाळी सोडलं. नोटीस दोन दिवसांनी.

नकाशा

हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. दादा, "मारलं नाही" इथवर थांबू नका. १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केलं, ते नाथपंथी डवरी गोसावी होते. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेला, तिथेही अफवांमुळे लोक रात्री पहारा देत होते. २०२४ मध्ये ड्रोनच्या अफवेवर किती गावं रात्रभर जागत होती ते आठवा. दरवेळी रस्त्यावर सापडतो तो फिरस्ता, मेंढपाळ, ऊसतोड कामगार. चोर सापडत नाही. तुमच्या पोरांचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही, तरी अंधारात वीस जणांच्या घोळक्यापुढे सापडलेल्या माणसाला हेतू कसा दिसणार?

शिवारातला

मग काय करायचं, केबल नेताना बघत बसायचं का? चाळीस फुटांवर बॅटरीचा उजेड दिसतो आणि आपण घरात बसायचं?

निवृत्त_ठाणे_अंमलदार

बसू नका, फिरा, पण ठाण्याच्या यादीवर फिरा. पोरांची नावं, आधार, फोन नंबर, कुठल्या रात्री कोण हे ठाण्यात देऊन ग्रामसुरक्षा दल म्हणून नोंद मागा. शिट्टी, बॅटरी, टोपी, बस. गाडी दिसली की नंबर घ्या, फोटो काढा, फोन करा. अडवायचं नाही, चावीला हात लावायचा नाही. चावी काढली की बेकायदा अडवणूक, बीएनएस १२६, तो पिकअपवाला उद्या तक्रार देऊ शकतो. आणि १६८ ची नोटीस म्हणजे गुन्हा नोंदवला असं नाही, दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून दिलेली ताकीद आहे. सोमवारी शांतपणे जा, लेखी उत्तर द्या, पोच घ्या.

आमच्या काळी यादीवरच्या पोरांना मीच चहा पाजायचो. पहाटे चारला भेटले की स्टेशन डायरीला नोंद करायचो.

न्याय_हवा

रात्रभर बसवून ठेवलं म्हणजे बेकायदा अटक! सोडू नका. पोलीस तक्रार प्राधिकरणात जा. प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला सुप्रीम कोर्टानेच हे प्राधिकरण नेमायला सांगितलंय. अख्खं ठाणं सस्पेंड करा, चौकी बंद ठेवल्याचीही तक्रार त्यातच टाका.

वैशाली_वकील

अर्धं बरोबर. न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर सांगितलं होतं, महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीत राज्य आणि विभाग पातळीवर केलं, म्हणजे तुम्हाला महसूल विभागाच्या ठिकाणी जावं लागेल. तिथे कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, रीतसर प्रक्रिया न करता अटक किंवा स्थानबद्धता, खंडणी, अधिकाराचा गंभीर गैरवापर असे विषय चालतात. चौकीला कुलूप हा विषय तिथला नाही, तो एकत्र टाकला तर मूळ तक्रार पातळ होते.

पोरांना बसवून ठेवल्याची तक्रार करायची की नाही हे त्या दोन पोरांनी आणि घरच्यांनी ठरवावं. ठरेल तेव्हा ठरेल, एक अर्ज मात्र आजच द्या: त्या रात्रीचं ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज जतन करावं, तारीख आणि वेळ लिहून, एसपींना आणि प्रत ठाण्याला. परमवीर सिंग सैनी प्रकरणात (२ डिसेंबर २०२०) ठाण्यातलं फुटेज १८ महिने, तशी सोय नसेल तिथे किमान एक वर्ष ठेवायला सांगितलंय.

त्याच निकालात या कॅमेऱ्यांसाठी जिल्हा देखरेख समिती आहे. विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, एसपी, शिवाय जिल्ह्यातल्या एखाद्या नगरपालिकेचे प्रमुख किंवा ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषद अध्यक्ष. म्हणजे लोकांनी निवडून दिलेला माणूस तिथे बसतो. तुमच्या जिल्ह्यात त्यावर कोण आहे ते विचारा.

पासपोर्ट_पेंडिंग

एक प्रश्न, नोटीस आली असेल तर पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनला अडचण येते का? माझ्या भाच्याचं अडकलंय.

माळावरचा

वेगळा धागा काढा भाऊ.

मग नगरपंचायतीचा ठराव उपयोगाचा नाही का? १७ नगरसेवक आहेत ना?

वैशाली_वकील

पोलीस राज्याच्या गृहखात्याखाली, नगरपंचायत त्यांना हुकूम देऊ शकत नाही. तरी ठराव घ्याच, एसपी आणि आमदारांना पाठवा. त्यात "पोलीस झोपलेत" असं लिहू नका. कुठल्या तारखेला कुठल्या शिवारात काय गेलं, एनसी नंबर काय, लिहिलेली किंमत किती, खरी किंमत किती, एवढा तक्ता जोडा. ओढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे दिवे आणि फाटकावर बीट अंमलदाराच्या नंबराचा फलक हे मात्र नगरपंचायत स्वतः करू शकते. मुख्याधिकाऱ्यांकडे तोही अर्ज द्या.

शिवारातला

सगळ्यांची बिलं गोळा करायला पोरांना सांगितलंय, सात जणांची आत्ताच आली. चुलत्याचा स्टार्टर खोलीचं कुलूप तोडूनच नेला होता, म्हणजे ते ३०५ मध्ये बसेल. फुटेजचा अर्ज उद्या पोस्टाने टाकतो. पिकअपवाल्याचा नंबर एका पोराकडे आहे, त्याला फोन करू का?

नकाशा

करा, पण पोरांना नको, घरातल्या मोठ्या माणसाने करावा. केस टाळायची म्हणून नाही, त्याला त्या रात्री काय वाटलं ते ऐकायला.

निवृत्त_ठाणे_अंमलदार

आणि माहिती अधिकार टाका. तुमच्या दूरक्षेत्राची मंजूर पदं किती, भरलेली किती, गेल्या तीन महिन्यांची रात्रगस्त नोंदवही. आम्ही कमी माणसांत काम करतो हे कागदावर आलं तर खात्यातल्यालाही बरंच वाटेल.

वैशाली_वकील

काकांशी सहमत. अर्जाला १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून पदांचा वेगळा आणि नोंदवहीचा वेगळा करा. चुकीच्या ऑफिसात गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तेव्हा कुठे द्यायचा यावर अडून बसू नका. सोमवारचं लेखी उत्तर आधी इथे टाका, नावं खोडून, बघून देते.